संडासातल्या कॅलेंडरवरचा कांदा

परवा तीन ऑक्टोबरला सकाळी सात वाजता मला कच्च्या माशाचा वास आला. कॅनडातल्या किचनर गावात! आमच्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये, जिथं तीन वर्षांत मासा शिजलेला नाही, आणि समुद्र तर इतका लांब की तिथून निघालेला वास इथं पोचेपर्यंत वाटेतच म्हातारा होऊन मरेल. मृणाल म्हणाली, "दूध नासलं असेल." मी म्हटलं, "दूध नाही गं. लायडन आहे."

यावर बायकोनं नुसता माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि ओट्यावर पालथा ठेवला. कारण चहा उकळेपर्यंत मी तो अकरा वेळा उघडून पाहिला होता. अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्ती करायची असती तर चाळीस म्हणालो असतो.

गोष्ट अशी आहे. कॅनडात कायमचं राहायचं तर गुण लागतात. शिक्षणाचे, इंग्रजीचे, कामाचे आणि वयाचे. सरकार अधूनमधून ड्रॉ काढतं. ज्याचे गुण त्या दिवशीच्या रेषेच्या वर, त्याला बोलावणं येतं. माझे गुण गेलं दीड वर्ष त्या रेषेपाशी घुटमळताहेत, मे महिन्यात नागपुरातलं कुत्रं कूलरखालच्या ओलीपाशी घुटमळतं तसे. आणि वयाचं असं आहे, की चाळिशीत दर वाढदिवसाला दहा गुण गळतात. माझा वाढदिवस चार ऑक्टोबरला. बेचाळीस. वर्क परमिट महिनाअखेरीला संपतंय, आणि कंपनीनं 'पुढचे कागद आता होणार नाहीत' हे इतक्या मायेनं सांगितलंय की मीच त्यांचं सांत्वन करून आलो. म्हणजे हिशेब सरळ: तीन तारखेच्या संध्याकाळी सरकारी कचेऱ्या बंद व्हायच्या आत ड्रॉ निघाला आणि बोलावणं आलं, तर राहिलो. नाहीतर पुन्हा बॅगा. 'पुन्हा' हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरतात.

बाहेर ऑक्टोबर अगदी नटून उभा होता. मेपल पेटलेले, हंस एकमेकांना शिव्या देत दक्षिणेला निघालेले, गावात बिअरच्या उत्सवाच्या निळ्या-पांढऱ्या पताका. मला यातलं काही दिसत नव्हतं. मला दिसत होता तीन वर्षांपूर्वीचा दुसऱ्या गावातला ऑक्टोबर, त्यातली एक रांग, आणि रांगेत आम्ही तिघं.

लायडन हे गाव नकाशावर हॉलंडमध्ये दिसत असलं तरी खरं म्हणजे पाण्यात आहे. कालवे इतके, की रस्ता ओलांडायला निघालेला माणूस चुकून पूल ओलांडून परत येतो. वारा तर विचारू नका. एकदा मी सकाळी सायकल मारत मारत ऑफिसला निघालो, अर्धा तास जीव खाऊन पेडल मारलं, मान वर केली तर स्वतःच्याच दारात. मृणाल म्हणते असं झालं नाही, चेन पडली होती. असेल. पण चेनसुद्धा वाऱ्यानंच पाडली होती. त्या गावाच्या भिंतींवर कविता रंगवलेल्या आहेत, जगातल्या नाना भाषांतल्या, दोन-दोन मजले उंच. मी पहिलं अख्खं वर्ष मराठी भिंत शोधत हिंडलो. सापडली नाही. पण ज्या गावात भिंतीला कविता सांगायची परवानगी आहे, तिथं आपल्यालाही थोड्या थापा चालून जातील, असं वाटून मी निश्चिंत झालो.

थापा ऐकायला शेजारीण मिळाली. नाव खेर्डा. डच माणूस 'ग'चा 'ख' करतो, म्हणून खेर्डा. मला ऐकताक्षणी वाशीमकडचं गाव आठवलं, मी मनातल्या मनात तिला माहेर देऊन टाकलं आणि खेर्डाबाई म्हणू लागलो. वय पंचाहत्तरीच्या पुढं, उंची दरवाजाएवढी, आणि बोलणं असं की आधी कानफाटीत बसतं आणि मग कळतं की प्रेमानं मारली. मला 'बुरमन' म्हणायच्या. बुरमन म्हणजे शेजारी. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "बुरमन, तुझं डच फार वाईट आहे. आणि तू फार बोलतोस. दोन्ही एकदम चालणार नाही. एक निवड." मी बोलणं निवडलं.

कॉफीला बोलवायच्या, पण तीन आठवड्यांनी, गुरुवारी, साडेदहाला. डायरीत लिहून. कॉफीबरोबर एक बिस्किट. एकच. मग डबा टप्प करून बंद. आमची जुई तेव्हा लहान, तिला वाटायचं डब्यात उंदीर असेल, म्हणून बाई घाईनं झाकतात.

त्यांच्याकडेच मला कॅलेंडरचा शोध लागला. डच संडास इतका छोटा असतो की बसलं की गुडघे दाराला टेकतात, आणि नाकासमोर काय, तर कॅलेंडर! त्यावर वार नाहीत, वर्ष नाही. नुसते महिने आणि तारखा, आणि तारखांपुढं माणसांची नावं. वाढदिवसाचं कॅलेंडर. घरोघर संडासातच टांगलेलं असतं, म्हणजे रोज नजर जाते आणि कुणाचा दिवस हुकत नाही. वर्ष नसल्यामुळं ते कधी जुनं होत नाही. खेर्डाबाईंचं चाळीस वर्षांचं होतं. त्यात मेलेली माणसंही होती. नवऱ्याचं नाव मार्चमध्ये, तसंच. मी बाहेर येऊन विचारलं, "काही नावं पेनानं आहेत, काही पेन्सिलीनं. असं का?" बाई म्हणाल्या, "पेन्सिल म्हणजे ओळखीचे. ओळखीचे लोक बदलतात. खोडरबर असलेलं बरं."

पुढच्या खेपेला गेलो तर चार ऑक्टोबरला माझं नाव होतं. पेन्सिलीनं. मेमध्ये मृणाल, पेन्सिलीनं. नोव्हेंबरात जुई, आणि तिच्यापुढं एक छोटासा कांदा काढलेला. त्याचं कारण असं, की जुई इंग्रजी अक्षरांत लिहिलं आणि पहिलं अक्षर काढलं की जे उरतं, त्याला डचमध्ये कांदा म्हणतात. आम्ही फुलाचं नाव ठेवलं आणि देशानं तिचा कांदा केला. मृणालला वाईट वाटलं. जुईला प्रचंड आनंद झाला. शाळेत तिनं वहीवर कांदाच काढायला सुरुवात केली. चार वर्षांची गेलेली पोर, डच तिच्या तोंडात असं बसलं होतं की ती झोपेतही 'ख' खरवडायची.

आणि मग तो उन्हाळा. माझ्या डच कंपनीनं मजला रिकामा केला. तिथल्या कायद्यानं दुसरी नोकरी शोधायला तीन महिने मिळाले. ते ऑक्टोबरच्या मध्यावर संपायचे होते. मी मुलाखती दिल्या. किती म्हणून काय विचारता, त्या देशात मला न नाकारलेली फक्त गिरणी उरली होती, वाऱ्यावर चालणारी, आणि तीही मी विचारलं नाही म्हणून. एके ठिकाणी साहेबानं स्पष्ट सांगितलं, "तुम्ही हुशार आहात. आम्हाला आवडलात. आम्ही तुम्हाला घेणार नाही." तिन्ही वाक्यं एकाच आवाजात. भारतात माणसानं निदान चहा पाजून 'कळवतो' म्हटलं असतं. मला त्या दिवसांत खोट्याची फार भूक लागली होती. कुणीतरी खोटं बोलून धीर द्यावा, तर अख्ख्या गावात खोटं बोलणारा मी एकटा.

त्याच दिवसांत त्यांचा तीन ऑक्टोबर आला.

हा लायडनचा दसरा, दिवाळी आणि मारबत मिळून एक सण. साडेचारशे वर्षांपूर्वी स्पेनच्या फौजेनं गावाला वेढा घातला होता. महिनोन्महिने. लोकांनी आधी धान्य संपवलं, मग घोडे, मग मांजरं. निम्मं गाव भुकेनं आणि रोगानं संपलं. शेवटी डच लोकांनी स्वतःचेच बांध फोडले. स्वतःच्याच शेतांत पाणी घेतलं, आणि त्या बुडालेल्या शेतांवरून होड्या आल्या, हारिंग मासा आणि पांढरा पाव घेऊन. पळालेल्या फौजेच्या छावणीत एक पातेलं सापडलं, गाजर-कांद्याच्या रश्श्याचं, म्हणे अजून गरम. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी पहाटे गावकऱ्यांना हारिंग आणि पाव फुकट, आणि घरोघरी हुत्स्पोत. हुत्स्पोत म्हणजे गाजर, कांदा, बटाटा उकडून असा ठेचायचा की त्यांना एकमेकांची ओळख राहू नये. फोडणी नाही, मिरची नाही. वेढ्यात काय मिळणार म्हणा!

मासे घ्यायला आधी नाव नोंदवावं लागतं, आणि रांग गावकऱ्यांचीच. मी उन्हाळ्यात, नोकरी असताना, आमचं नाव नोंदवलं होतं. म्हणून त्या सकाळी सातला, गार पावसात, आम्ही तिघं खेर्डाबाईंच्या मागं रांगेत उभे राहिलो. दोन आठवड्यांनी या गावच्या दप्तरातून आमचं नाव निघणार होतं, पण त्या सकाळच्या यादीत ते होतं. मी कागदावरचं आमचं आडनाव तीनदा वाचलं.

रांगेत मला कंठ फुटला. भीती वाटली की मला कंठ फुटतो. मी सांगू लागलो की आमच्याकडं विदर्भात गाविलगड आहे, आणि माझे खापरपणजोबा त्या गडावर वेढ्यात अडकले होते. नऊ वर्षं. नुसत्या ठेच्यावर. शेवटी शत्रूला ठसका लागला आणि वेढा उठला. माझ्या मोडक्या डचमध्ये हे ऐकायला पुढचे-मागचे लोक वळले. मृणाल मराठीत म्हणाली, "तुझे खापरपणजोबा पोस्टात होते." मी म्हटलं, "पोस्ट गडावर होतं." तेवढ्यात आमचा नंबर आला, हातात मासा आला, पाव आला, आणि मला वाटलं की आता सगळ्यांसमोर काहीतरी शोभेसं बोलावं.

त्या सणाला त्यांच्या भाषेत 'ओन्तझेत' म्हणतात. ओन्तझेत म्हणजे वेढा उठणं, सुटका. गावभर पताकांवर तोच शब्द. मी मासा शेपटीला धरून उंच केला आणि ओरडलो, "वै झैन ओन्तझेत!" आमची सुटका झाली!

मासे वाटणारा माणूस घाईघाईनं मला म्हणाला, "का? मासा खराब आहे का?"

जुई लाजून माझ्या कोटात शिरली. "बाबा, तू म्हणालास की आपल्याला धक्का बसलाय. म्हणजे, आपण हादरलोय." खेर्डाबाई हसत नव्हत्या. त्यांनी समजावलं. सणाला म्हटलं तर ओन्तझेत म्हणजे सुटका. पण माणूस स्वतःला ओन्तझेत म्हणाला, तर त्याचा अर्थ हबकलेला, पायाखालची जमीन गेलेला. शब्द तोच. मग माझ्या हातातल्या माशाकडं पाहून म्हणाल्या, "बुरमन, आज पहिल्यांदा तू अचूक डच बोललास."

मी तो कच्चा मासा, मान मागं टाकून, त्यांच्या पद्धतीनं, एका दमात गिळला. डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं कांद्याचं. माशावर कांदा भुरभुरलेला असतो, त्याचे आभार.

दुसऱ्या दिवशी माझा वाढदिवस. खेर्डाबाईंनी खुर्च्या गोल मांडल्या. डच वाढदिवस गोलातच होतो, आणि तिथं एक अजब रीत आहे. ज्याचा वाढदिवस त्याचं तर अभिनंदन करतातच, पण त्याच्या बायकोचं, मुलीचं, सगळ्यांचं करतात. बाई मृणालचा हात हलवत म्हणाल्या, "नवऱ्याबद्दल अभिनंदन." मृणालनं विचारलं, "माझं कशाला?" "याला आणखी एक वर्ष ऐकल्याबद्दल," बाई म्हणाल्या. मृणालनं आमच्या हुत्स्पोताला मोहरी, कढीपत्ता आणि लाल मिरचीची फोडणी देऊन पातेलं आणलं होतं. बाईंनी दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाल्या, "हे स्पॅनिश लोकांकडं असतं तर ते पळाले नसते." मग कॉफी. मग बिस्किट. आणि मग मी पाहिलं, की डबा टेबलावर उघडाच आहे. जुईनं दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. त्या डब्याचं झाकण लागलं नाही, तेव्हा मला कळलं की आपली अवस्था फार वाईट आहे.

नोकरी मिळाली नाही. किचनरच्या एका कंपनीचं मात्र पत्र आलं, तीन वर्षांचं परमिट, ताबडतोब या. लोक म्हणाले, नशीबवान! मला ते बांध फोडणारे लायडनकर आठवले. सुटका अशीच येते, आपलंच शेत बुडवून. जुईची शाळा बुडाली, मैत्रिणी बुडाल्या, तो खरवडणारा 'ख' बुडाला. निरोपाच्या दिवशी वर्गानं तिला मोठं कार्ड दिलं, प्रत्येकानं एकेक कांदा काढलेलं. विमानात तिनं ते कुणाला धरू दिलं नाही.

निघायच्या दिवशी मी खेर्डाबाईंकडं गेलो, आणि बोलायला शब्द नव्हते. मला! म्हणून संडासात गेलो. गुडघे दाराला टेकले, मान वर केली. ऑक्टोबरच्या पानावर माझं नाव होतं, निळ्या शाईनं. पेन्सिलीवरून पेन फिरवलेलं, एक अक्षर रेषेबाहेर गेलेलं. मी पान उलटलं. नोव्हेंबरात जुई, शाईनं. कांदासुद्धा शाईनं. त्याच आठवड्यात नगरपालिकेनं आमची नावं खोडली होती आणि इथं, दीड हात जागेत, कुणीतरी ती पक्की केली होती. मी तिथं किती वेळ बसलो सांगत नाही. बाहेरून दारावर टकटक झाली. "बुरमन, पाणी ओढ आणि बाहेर ये. विमान थांबत नाही."

तर परवा ती तीन तारीख पुन्हा आली. फोन पालथा ठेवून काही उपयोग नव्हता. फोनला पाठ असते, पण माझं लक्ष त्याच्या पोटात. दुपारी मी काम अर्धवट सोडून गाडी काढली आणि गावाबाहेरच्या डच दुकानात गेलो. या भागात जुने डच शेतकरी पुष्कळ, त्यांच्यासाठी लिकोरिस म्हणजे ज्येष्ठमधाच्या खाऱ्या काळ्या गोळ्या, चॉकलेटची बारीक शेव आणि गोठवलेलं हारिंग ठेवणारं एक दुकान आहे. गल्ल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "लायडनचे?" मी म्हटलं, "हो." हे उत्तर खोटं होतं का खरं, मला अजून ठरवता आलेलं नाही. ते म्हणाले, "मी तीन वर्षांचा असताना बोटीनं आलो. अजून कुणी विचारलं की तेच सांगतो, डच." आणि मासा कागदात गुंडाळताना वर एक मूठ लिकोरिस टाकलं.

पार्किंगमध्ये फोन उघडला. काही नाही. लाल सिग्नलला उघडला. काही नाही. घरी आलो तर जुई टेबलाशी अभ्यास करत होती. आता ती तेराची. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि डचबद्दल विचारलं तर म्हणते, "आय फर्गॉट." घड्याळाकडं न पाहता म्हणाली, "बाबा, इफ वी हॅव टू गो, आय डोन्ट वॉन्ट अ कार्ड. ओके? टेल देम नो कार्ड."

मी म्हटलं, "अगं, बोलावणं रस्त्यात आहे. सरकारी माणूस आहे, सायकलनं येतोय, वारा समोरचा आहे."

ती हसली नाही. माझी थाप, आणि माझी पोर हसली नाही!

पाच वाजले. मृणालनं फोन सुलटा केला, पाहिला, पुन्हा पालथा केला. गाजरं किसायला घेतली. हुत्स्पोताला गाजर किसत नाहीत, हे तिला माहीत आहे, पण हातांना काहीतरी हवं होतं.

चार ऑक्टोबर, शनिवार. मी बेचाळीस वर्षांचा आणि दहा गुणांनी हलका झालो होतो. सकाळी आठला फोन वाजला. पडद्यावर एक कपाळ. खेर्डाबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि व्हिडिओ कॉलमध्ये त्यांचं फक्त कपाळ येतं. "खेफेलिसितेर्त!" बाई ओरडल्या. अभिनंदन! मला नाही. आधी मृणालला, नवऱ्याबद्दल. मग म्हणाल्या, "माझा कांदा कुठाय?"

जुईनं फोन ओढून घेतला. आणि काय सांगू, 'आय फर्गॉट' म्हणणारी पोरगी धबधब्यासारखी डच बोलू लागली. तो 'ख', तो घशातून खरवडून येणारा 'ख', आमच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षांनी घुमला. बाई काठी टेकत चालू लागल्याचा आवाज आला, एक दार करकरलं, फोन हलला, आणि पडद्यावर ते पान आलं. ऑक्टोबर. चार. निळी शाई. जुई पुटपुटली, "इट्स स्टिल देअर."

मग कपाळ परत आलं. खेर्डाबाईंना सगळं ठाऊक होतं, गुण, ड्रॉ, तारीख. मी महिनाभर त्यांना 'अगदी दारात आलंय' असं सांगत होतो. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "मग, बुरमन? ओन्तझेत?"

मृणाल माझ्याकडं पाहत होती. माझ्याकडं चांगल्या चार थापा तयार होत्या, सायकलवरच्या सरकारी माणसासकट. मी म्हटलं, "हो, खेर्डा. ओन्तझेत."

मग बाई म्हणाल्या, "असं. मग आज हुत्स्पोत जरा जास्त कर. पुरवून खावं लागेल."

फोन बंद झाला. जुई दोन्ही अर्थ जाणून आहे, त्या रांगेत माझ्या कोटात शिरलेली तीच होती. तिनं विचारलं, या वेळी मराठीत, "बाबा, कोणतं ओन्तझेत?"

मी म्हटलं, "तो कांदा आण इकडं."

तिनं आणला. मीच चिरायला घेतला. एकच होता, लिंबाएवढा. अर्धा तास चिरत होतो, आणि यात अतिशयोक्ती नाही.